करुणाचा देव आणि माझ्या कवळ्या

३ फेब्रुवारी, सोमवार

पोचलो. सांगोल्यापासून पुढं सोळा किलोमीटर, त्यातले शेवटचे चार म्हणजे नुसते दगड. दोन खोल्या, वर पत्रा. पाण्याचा टँकर दिवसाआड. सोलापुरातला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, कूलर, गीझर, सात रस्त्यावरचा संध्याकाळचा चहा – हे सगळं सोडून मी इथं का आलो, ते स्वतःलाच समजावं म्हणून ही वही.

कारण असं. करुणा शाळेतून निवृत्त झाली आणि म्हणाली, "उरलेली वर्षं प्रभूची वार्ता सांगायला खेड्यात जाणार. तुम्ही नाही आलात तरी चालेल." चालेल म्हणाली म्हणूनच आलो!

लग्नाला चौतीस वर्षं झाली. ती तिचं शास्त्र, म्हणजे बायबल, वाचते, मी आंघोळ झाली की सिद्धेश्वराला हात जोडतो. एकमेकांच्या देवात आम्ही कधी लुडबुड केली नाही. माझं नाव सिद्धराम, आणि आलोय कुठं, तर ख्रिस्ताच्या सेवेला. सामान उतरवून घ्यायला.

४ फेब्रुवारी

न्हाणीत पाल. मोठी. तिनं हलायला नकार दिला. आंघोळ राहिली.

९ फेब्रुवारी, रविवार

करुणाची पहिली उपासना. सतरंजी घातली, बाजाची पेटी काढली, दार सताड उघडं ठेवलं. आलेली मंडळी – मी, आणि शेजारच्या फुलाबाईची शेळी. मी पहिल्या गीतालाच चहा ठेवायच्या निमित्तानं उठलो. शेळी दुसऱ्या गीतापर्यंत थांबली.

"तुमच्यापेक्षा तिची श्रद्धा बरी," करुणा म्हणाली.

१८ फेब्रुवारी

आज एक माणूस सापडला – बिरप्पा. सत्तरीचा, जन्मभर मेंढरं राखलेला. करुणा खुशीत! तिनं त्याला हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगितली. शंभरातलं एक हरवलं, तर मेंढपाळ नव्याण्णव सोडून त्याच्या मागं गेला.

बिरप्पानं नीट ऐकलं. मग म्हणाला, "नव्यान्नव कुनाजवळ सोडली?"

"रानात."

"आन लांडगा?"

करुणा पुस्तकाची पानं उलटायला लागली.

"त्येचा भाऊ आसंल की संगं. पुस्तकात नीट बगा, बाई."

बाई अजून पुस्तकात बघतायत.

बोलताना त्याचे निम्मे शब्द हवेत जात होते. विचारलं, कवळी नाही का? "हाय की. डब्यात. लई टोचती." मी चाळीस वर्षं एका दातांच्या डॉक्टरकडं कवळ्या बनवल्या. हत्यारांची थैली करुणाच्या नकळत सामानात घातलीच होती. दहा मिनिटं घासली, बसवून दिली. बिरप्पानं कडक भाकरीचा काठ चावला आणि माझ्याकडं असं बघितलं, जसं त्यानं करुणाकडं बघावं अशी करुणाची इच्छा होती.

२७ फेब्रुवारी

ओट्यावर अकरा जण. कुणाची टोचते, कुणाची सैल. फुलाबाईची शिंकताना चुलीत पडलेली! मला आता 'दातवाले मामा' म्हणतात. पैसे घ्यायचे नाहीत ही करुणाची अट. नंबर येईपर्यंत ती त्यांना येशूच्या गोष्टी सांगते. कवळी माझ्या हातात असते, त्यामुळं कोणी वाद घालू शकत नाही.

१६ मार्च, रविवार

उपासनेला कोणी नाही. दुपारी सहा कवळ्या.

"तुमची मंडळी माझ्यापेक्षा मोठी झाली," करुणा म्हणाली. हसतच म्हणाली. पण नंतर बराच वेळ बाजाची पेटी पुसत बसली. पेटीवर धूळ नव्हती.

२९ एप्रिल

आमच्याविरुद्ध अर्ज झाला. गावातल्या अभिमन्यू नावाच्या तरुणानं केलाय. ग्रामसेवकानं वाचून दाखवला – "दातांचे आमिष दाखवून धर्मांतर." मला इतकं हसू आलं की बाहेर जावं लागलं. परत आलो तर ग्रामसेवक हसत नव्हता. परवाच्या ग्रामसभेत विषय आहे. गाव म्हणालं तर खोल्या सोडाव्या लागतील.

करुणा एवढंच म्हणाली, "मी कुणाला काही देऊ केलं नाही हो." जणू मीच विचारलं होतं.

१ मे

झेंडावंदन झाल्यावर सभा. अभिमन्यू चांगलं बोलला, कागद न बघता. माणसं माना हलवायला लागली.

मग बिरप्पा काठी टेकत उठला. "दात मी बशिवलं. त्याच दातांनी बिरोबाच्या जत्रंत बकऱ्याची नळी फोडली. कुनाचा देव आडवा आला न्हाय." हशा. तो थांबला नाही. "आन बाटवत्यात म्हनं! तीन म्हैनं झालं, एक मानूस बाटला न्हाय. येवढं बी काम न जमनाऱ्या बाईला गाव भितंय व्हय?"

सभा हसून लोटपोट. अभिमन्यूसुद्धा ओठ चावत होता. अर्ज बारगळला. आम्ही राहायचं ठरलं. मीही पोटभर हसलो आणि मग करुणाकडं बघितलं. तिचे डोळे भरले होते. आम्ही वाचलो, ते तिला काहीच जमलं नाही म्हणून.

घरी आल्यावर म्हणाली, "चला, सोलापूरला जाऊ परत."

हे वाक्य ऐकायला मी तीन महिने थांबलो होतो. आता ऐकलं, तर तोंडातून गेलं, "उद्या चार कवळ्या आहेत."

२ मे

सकाळी करुणा घरात नाही. शोधत गेलो, तर अभिमन्यूच्या अंगणात! त्याची आई दगडाबाई बाजेवर. अंगावरून वारं गेलेलं, उजवा हात निकामी. करुणा तिचे केस विंचरत होती.

"रोज येती की ही," दगडाबाई म्हणाली. "पोरगा-सून भल्या सकाळी डाळिंबाच्या बागंत जात्यात, मग कोन करनार?"

रोज! मला वाटायचं, दूध आणायला जाते. अभिमन्यू दारात उभा होता, पायाच्या अंगठ्यानं माती उकरत. म्हणजे त्यालाही आजच कळलं असावं.

वाटेत म्हटलं, "ज्यानं अर्ज केला, त्याच्या आईचे केस विंचरतेस?"

"अर्ज त्याचा होता. केस तिचे आहेत."

मला अभिमन्यूचा राग आहे, अजून. तिला नाही. मी वाटभर तिच्या चेहऱ्यावर शोधला, आवाजात शोधला. कुठंच नाही. चौतीस वर्षं एका घरात राहिलो, पण हे ती कुठून आणते ते मी कधी बघितलंच नाही.

मग जे कधी विचारलं नव्हतं ते विचारलं. "अख्ख्या गावाला सांगत फिरलीस. मला कधी का नाही म्हणालीस, प्रभूकडं या म्हणून?"

चालता चालता म्हणाली, "म्हटलं असतं तर तुम्ही आला असता. माझ्यासाठी."

४ मे, रविवार

करुणा शास्त्र उघडून बसली होती. जवळ जाऊन बसलो. म्हटलं, "मला वाचायचंय. कुठून सुरू करू?"

तिनं चष्मा काढला. "इथंच राहावं म्हणून म्हणताय?"

"नाही."

"मग माझ्यासाठी?"

"तुझ्यासाठी पण नाही."