दाजी, हरणटोळाचे दात मागे असतात

तीर्थस्वरूप दाजींना धाकट्या मेव्हण्याचा वाकून नमस्कार.

तुमचे गुडघे जिना चढू देतात की अजून कुरकुरतात? ताईला नवी कवळी बसली ना? (बसली नसेल तर दोष कवळीचा नाही. ताई कवळी डब्यात ठेवते आणि मला नावं ठेवते.) इकडे सगळं ठीक. लोक गोड खातात, त्यामुळे माझ्या दवाखान्याला मरण नाही.

आता मुद्द्यावर येतो. तुम्ही मला भाचीला परत आणायला पाठवलंत. एकुलती एक पोर सापाच्या विषाच्या प्रयोगशाळेत नोकरी करते, तिला कानाला धरून घरी आण, हे तुमचेच शब्द. मीही तावातावाने निघालो. गाडीत बसून भाषण तयार केलं (तिचं वय, तिचं लग्न, आईची उडालेली झोप, काही म्हणता काही सोडलं नाही). पोचलो तर एक लांबट खोली, भिंतीला काचेच्या पेट्या, प्रत्येक पेटीला कुलूप आणि फरशी अशी लख्ख की माझ्या दवाखान्याची मलाच लाज वाटली. भाची पांढऱ्या कोटात उभी. म्हणाली, "मामा, भाषण नंतर करा. आधी एक दात बघता का?" आता दातवाल्याला असं विचारल्यावर तो काय नाही म्हणणार? पोरगी बापासारखीच लबाड आहे.

तिने पेटीतून हरणटोळ काढला. पोपटी रंगाचा, बोटापेक्षा बारीक, नाक टोकदार आणि डोळ्यातली बाहुली चक्क आडवी. दोन्ही डोळ्यांनी तो माझ्याकडे रोखून बघत होता. (माझे पेशंट छताकडे बघतात.) तिने त्याला मानेशी अलगद धरलं, मऊ पट्टीने तोंड उघडलं आणि मी कपाळावरचा दिवा लावून आत डोकावलो. पुढे नुसते बारीक बारीक दात, सगळे सारखे. मी म्हटलं, हा कसला विषारी? ती म्हणाली, मागे बघा, डोळ्याच्या खाली. मागे बघितलं आणि दाजी, माझं भाषण गेलं ते गेलंच.

नागाचा दात पुढे असतो आणि इंजेक्शनच्या सुईसारखा आतून पोकळ. याचा विषाचा दात मागे, दाढेच्या जागी, आणि पोकळ नाहीच. त्याला बाहेरून उघडी पन्हळ आहे, पार टोकाकडे उतरत गेलेली. विष त्या पन्हळीतून ओघळतं. नागासारखं जोराने दाबून सोडायची सोय याच्याकडे नाही, म्हणून सरडा धरला की हा त्याला सोडत नाही. चावत चावत त्याला मागच्या दातापर्यंत नेतो आणि मग स्वस्थ थांबतो. नीट चावून खा म्हणून लोकांना सांगता सांगता माझे केस पिकले, आणि इथे हा कुणी न सांगता चावत बसलाय.

मग भाचीने त्या दातावर काचेची बारीकशी नळी चढवली आणि आम्ही वाट बघत बसलो. माझा पाय मुंग्यांनी बधिर झाला तेव्हा कुठे मोहरीहून लहान थेंब आला. ती म्हणाली, अशा मागच्या दातांच्या काही सापांच्या विषात असा एक अंश असतो, जो पालीला नि पक्ष्याला लोळवतो, पण उंदराला त्याचं फारसं काही होत नाही. कुणी बसून हे घडवलेलं नाही, आणि तरी कुलूप बघून किल्ली केल्यासारखं चोख. खरं सांगतो, इतकी वर्षं मी तोंडात बघतोय, पण असं काही बघितलं नव्हतं.

लपवाछपवी करत नाही. याच जातकुळीतल्या एकदोन सापांनी माणसं मारली आहेत. रक्त गोठेनासं होतं, आणि तेही सावकाश. ते साप तिच्याकडे नाहीत (दोनदा विचारून घेतलं). हरणटोळ चावला तर माणसाला बहुधा सूज येते, तेवढंच.

दाजी, तुम्ही विजेच्या तारांवर काम करायचात तेव्हा आमच्या वडिलांनी काय थयथयाट केला होता. खांबावर लटकणाऱ्याला मुलगी देणार नाही म्हणाले. तुम्हाला तार कळत होती, म्हणून तुमचा हात कापत नव्हता. परवा मी पोरीचे हात बघितले. हुबेहूब तुमचे आहेत. तिला राहू द्या, एवढी हात जोडून विनंती.

ताईला नमस्कार.

तुमचा,
दातवाला मेव्हणा

ता. क. हात जोडले म्हटलं खरं, पण उजवा हात नीट जुळत नाही. एक बोट वांग्याएवढं झालंय. यात तिची काही चूक नाही. हरणटोळ एका हातात तसाच धरून ती नळी ठेवायला वळली आणि मला सवयीने राहवलं नाही. दाढ नीट दिसावी म्हणून गाल बाजूला करायला मी बोटाचं टोक आत घातलं. वर "जरा मोठा आ करा" असंही म्हणालो. त्याने तोंड मिटलं आणि वर लिहिलंय तसं शांतपणे चावत बसला. ओरडलो मी एकटाच. तिने मला हिसका मारू दिला नाही, त्याचा जबडा हळूच सोडवला, सूज चढायच्या आत अंगठी काढली, बोट धुतलं आणि डॉक्टरकडे नेऊन संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. डॉक्टर म्हणाले, काळजीचं कारण नाही. ताईला बोटाचं सांगू नका.

पुन्हा ता. क. आणखी एक राहिलं. मी पोचण्याआधीच तिने बॅग भरून ठेवली होती. बाबांचा शब्द मोडवत नाही म्हणाली. निघायच्या आधी घरच्या कुणीतरी हे एकदा बघावं, एवढंच तिला हवं होतं. ती बॅग मी डाव्या हाताने रिकामी केली आणि कपडे कपाटात परत लावले. रागवायचं तर माझ्यावर रागवा. पण एकदा या. मी बघितलं, तिला बरंही वाटलं, पण मी मामा पडलो. तिचं लक्ष दाराकडे होतं.