पेरूच्या पेटीचा खालचा थर

९ डिसेंबर, सोमवार
शाळेनं पोरींना दुकान काढायला लावलंय! तेही कॉम्प्युटरवर. नात संस्कृती नववीत आहे. तिच्या आयटीच्या विषयाला म्हणे निम्मे गुण या धंद्याचे. ज्याचा धंदा चांगला, तो गट बारामतीला स्पर्धेला जाणार. संस्कृतीच्या गटानं पेरू निवडला. पेरू कुणाचा? माझा! मला विचारलं का? तर म्हणे, "आबा, माल तुमचा, डोकं आमचं." माल खराब निघाला तर? भाकरी गोड लागली नाही.

१२ डिसेंबर
पोरींनी दुकानासाठी माझा फोटो फोनवर टाकला. टोपी वाकडी! सगळ्या पुण्यानं बघितली असणार. बायकोला बोलून दाखवलं. साखरबाई म्हणाली, "मी पन्नास वर्सं बघतीय. मला काय झालं?"

१५ डिसेंबर, रविवार
बारा पेट्या पुण्याला गेल्या. तिथल्या सोसायटीतल्या बायकांनी फोनवरच मागणी नोंदवली. पोरींनी नाव-पत्त्याचा तक्ता केलाय, एकदम टापटीप. पेट्या मात्र मी भरल्या. त्या म्हणत होत्या, आमी भरतो. त्यांना काय जमतंय! बाजारासाठी जन्मभर भरत आलोय — मोठा, चकचकीत पेरू वर, बारका खाली. सगळेच असं भरतात. व्यापारीही हात घालून खालचा बघतो, मगच भाव बोलतो. यात लबाडी कसली?

१७ डिसेंबर
घोटाळा झाला. गिऱ्हाइकानं मत कळवायला पोरींनी फोनवर फॉर्म ठेवलाय. पाचांपैकी चांदण्या द्यायच्या. आल्या दोन, एक, एक. एका बाईंनी लिहिलंय — वर पेरू, खाली लिंबं. गटातली एक पोर रडायलाच लागली. संस्कृतीनं माझ्याकडं बघितलं. "आबा, असं कसं झालं असंल?"
मी म्हणालो, "टेम्पोत हलल्या असतील."
हलून पेरू बारका होतो का! पण तोंडातून निघून गेलं. ती फाईल उघडून लिहीत बसली.

१८ डिसेंबर
जेवण नको वाटलं.

१९ डिसेंबर
पोरींचे गुण गेले, बारामती गेली — माझ्यापायी. शेवटी साखरबाईला सगळं सांगितलं. म्हणाली, "मला कशाला सांगताय? मी काय पेरू मागवला व्हता?"

२० डिसेंबर, शुक्रवार
शाळेत गेलो! सातवीत शाळा सोडली, त्यानंतर वर्गात असा कधी उभा राहिलो नव्हतो. कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढाव्या लागतात. अनवाणी उभा राहिलो. सगळ्यांसमोर म्हणालो, "पेट्या मी भरल्या. बारका खाली मीच घातला. टेम्पोचा काय दोष न्हाय."
आयटीच्या रेश्मा मॅडम रागावतील वाटलं. त्या म्हणाल्या, "आबा, खालचा थर कसा ओळखायचा, ते पोरांना सांगता का?"
अर्धा तास बोललो! व्यापारी कुठून हात घालतो, पेटी कशी उलटी करतो, सगळं. पोरं कॉम्प्युटर सोडून माझ्याकडं बघत होती.

२३ डिसेंबर
पोरींनी नियम केला. प्रत्येक पेटीचे दोन फोटो, आधी खालच्या थराचा, मग वरचा. दोन्ही गिऱ्हाइकाला दाखवायचे. पहिल्या बाराजणींना नवी पेटी फुकट, माफीची चिठ्ठी आत. निवड माझ्याकडं. दोनदा बारका पेरू तळाशी चाललाच होता. "आबा, हात!" — संस्कृती.

२९ डिसेंबर
पाच, पाच, चार, पाच! चार देणारी बाई कोण, ते संस्कृतीला विचारलं. "न्हाय कळत आबा. झोपा आता."

११ जानेवारी, शनिवार
पहिला नंबर! बारामतीत परीक्षकांनी सगळ्या गटांना विचारलं — तुमची सगळ्यात मोठी चूक कोणती? कुणी म्हणालं नेट गेलं, कुणी म्हणालं छपाई चुकली. आमच्या पोरींनी दोन पेट्या टेबलावर उलट्या केल्या. एक जुन्या पद्धतीची, एक नवी. मग मला पुढं बोलावलं. टाळ्या! आज टोपी सरळ होती, मुद्दाम बघून गेलो होतो. येताना ढाल माझ्याच मांडीवर. भिगवणला चहा प्यायलो, तर चहावाल्यालाही दाखवली.

१२ जानेवारी
ढालीबरोबर त्यांची फाईल घरी आलीय. चष्मा लावून वाचली. १७ डिसेंबरचं पान. अक्षर संस्कृतीचं.
"कारण — आबांची पेटी भरायची सवय. उपाय — आबा स्वतः सांगतील. तोपर्यंत त्यांना कुणीही काही विचारायचं नाही."