परसात पुरलेली बरणी

सोमवार, ३ नोव्हेंबर

लिही शालू. मी म्हाळसाबाई, आणि ही लिहिणारी माझी सून. अक्षरं तिच्याकडं, अक्कल माझ्याकडं. तिनं नाक मुरडलं, तेबी लिही.

काल मुकुंदवाडीला अंगदच्या घरी आले. लेक शेंद्र्याच्या कारखान्यात लागल्यापासून या घराचं कवतिक ऐकत व्हते. घर झकास हाय. फरशी अशी चकचकीत की पाय टाकायला जीव धजत नाय. मागं परसात चार हात माती उरलीय, त्यात मेथी. माझी एक मेंढी एका घासात संपवील. शालूच्या पदराखाली तान्ही नात हाय, संस्कृती. एवढीशी पोर आणि नाव घोंगडीएवढं.

माझ्या डाव्या थानात गाठ हाय. गेल्या महिन्यात सुई घालून तपासली, कॅन्सर निघाला. अंगद साधी गाठ म्हणून मला गंडवत व्हता. आज डॉक्टरीणबाईंनी त्याला गप केलं आणि मला सरळ सांगितलं. बाई आवडली मला. दोन रस्ते म्हणाली. नुसती गाठ काढायची आणि मग रोज मशीनचा शेक घ्यायला यायचं, नायतर सगळं थान काढायचं. जगायची आशा दोन्हीत सारखीच. मी म्हणलं, अर्धी कातरलेली मेंढी लई वंगाळ दिसती, सगळंच काढा. बाई खळखळून हसली. म्हणाली, रोज काय वाटतं ते लिहून आणत जा. म्हणून हा खटाटोप.

सोमवार, १० नोव्हेंबर

आपरेशन झालं, काल घरी सोडलं. काखेतून नळी, नळीला डबी, डबीत लाल पाणी. शालू दावणीचं जनावर बघावं तशी माझी उठबस करती. गुणाची हाय, पण तोंडावर सांगायचं नाय, शेफारती.

कापलेलं थान आणि काखेतल्या गाठी औषधाच्या पाण्यात, बरणीत घालून अंगदच्या हातात दिल्या व्हत्या, लॅबमध्ये पोचवायला. इकडं नातेवाइकांनीच पोचवायचं असतं म्हणं. शुद्धीवर आल्या आल्या मी विचारलं, माझं कुठंय? आमच्यात अंगाचा तुकडा उकिरड्यावर जात नाय. लेकराची नाळ पुरायची. मेंढी व्याली की पडती ती जारसुदिक कुत्र्याच्या तोंडी देत नाय आम्ही. अंगदला म्हणलं, चालायला लागला तरी ह्याच थानाला लोंबकळायचा तू, आता परक्याच्या सुरीखाली घालतो व्हय? शालू म्हणाली, आत्याबाई, रिपोर्ट लागतो. मी म्हणलं, तुझ्या माहेरी लागत असंल.

अंगदनं बरणी मेथीच्या वाफ्यात पुरली. हळदकुंकू वाहिलं. जीव निवला माझा.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

नवलच. जिथं काय उरलं नाय, तिथं लुचल्यासारखं वाटतंय. कोकरू लुचतं तसं, मधनंच ढुशी देऊन. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कापलेल्या जागी असा भास बऱ्याच जणींना व्हतो, भिऊ नका. मी म्हणलं, ह्या वयात पान्हा फुटला, आता बाळुत्यं शिवा. बाई हसल्या. शालू हसली नाय.

बाईंनी रिपोर्टचं विचारलं तर अंगद म्हणाला, येणार हाय. माझ्याकडं बघितलं नाय त्यानं.

सोमवार, १७ नोव्हेंबर

लुचणाऱ्याला दात आलेत.

चेष्टा नाय. आधी हिरड्या व्हत्या, आता दात. टाक्यांची जागा कोरडी, बरी दिसती. दुखतं ते तिथं नाय — भायेर, परसाकडं. वाफ्यावर शालूनं पाणी टाकलं, तर माझी छाती गार पडली. बरणीवरची तेवढीच मेथी पिवळी झालीय.

बुधवार, १९ नोव्हेंबर

अंगदचं खोटं उघडं पडलं. लॅबमध्ये बरणी पोचलीच नाय, हे डॉक्टरीणबाईंना कळलं. लई बोलल्या. मीच पुरायला लावली, असं मी सांगितलं. तवा त्यांनी कागद पुढं ओढून एकेक समजावलं. ते बोलण्यापरीस वाईट.

रोग कापलेल्या तुकड्याच्या कडेपर्यंत गेला व्हता का, काखेतल्या किती गाठींत शिरला, हे बरणीशिवाय कळायचं नाय. केमो द्यायची का नाय, हे त्याच्यावर. माझं काळीज आधीच कमजोर. आंधळेपणानं दिली तर औषध मारील, नाय दिली तर उरलेली मुळं मारतील. झाकण बंद असंल तर आजच आणा, म्हणाल्या.

पहिल्यांदाच भ्या वाटलं मला. मरणाचं नाय. उकरायचं.

गुरुवार, २० नोव्हेंबर

उकरली. फावडं मातीत शिरलं आणि मी घरात किंचाळले.

झाकण घट्ट. पाणी तेवढंच. थान अर्धं.

कडा कुरतडलेल्या. अंगद म्हणाला, पाण्यात विरलं असंल. मी जलमभर मेंढरं राखली. चावा वळखते मी. बारके दात, वळीनं.

लॅबवाले म्हणाले, कडाच नायत तर कडेचं काय सांगणार. काखेतल्या गाठी — एकबी नाय बरणीत.

शनिवार, २२ नोव्हेंबर

बरणी गेली. ते गेलं नाय. भायेर खायला उरलं नाय म्हणून आत आलं — बरगडीशी —

सांगितलं त्याला. मी म्हातारी, कोरडी. माझ्यात काय मिळणार तुला. दूध असंल तिकडं जा —

शालू, हे लिहू नको.

रविवार, २३ नोव्हेंबर

शांत. दोन भाकरी खाल्ल्या. अंगद हसला. शालू गप गप हाय.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

संस्कृती अंगावर पीत नाय. पदराखाली घेतली की तोंड फिरवती, निळी पडूस्तोर रडती. जणू तिच्या आधीच कुणी —

शालू, चोळी ओली कशानं? दूध असं लाल — कधीपासनं? बोलली का नाय गं? उठ, डॉक्टरीणबाईकडं — पेन ठेव, ठेव म्हणते ना. शनिवारचं लिहिलं व्हतं का तू? अशी बघू नको माझ्याकडं. तुझं नाव नव्हतं घेतलं मी, नुसतं दूध म्हण