ऑइल भरलंय म्हणे

४ मार्च

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

तुम्हा सगळ्यांची खुशाली दादाकडून कळली. मी बरी आहे. गाडी बरी आहे की नाही हे मात्र मला कळेनासं झालंय. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि हे काही ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून कागद घेतला.

मागच्या आठवड्यात व्हॅन वस्तादकाकांकडे सर्व्हिसिंगला दिली होती. तुमच्या हातची गाडी तुमच्या मित्राशिवाय कुणाच्या हाती द्यायची नाही, हा तुमचा नियम मी पाळते. काकांनी ऑइल बदललं, फिल्टर बदलला आणि आता वर्षभर बघायला नको म्हणाले. दुसऱ्या दिवशी घड्याळजी आणि शिवणबाईंना घेऊन इस्पितळाकडे निघाले. हे माझे नेहमीचे दोघे प्रवासी. ते घड्याळं दुरुस्त करायचे, त्या कपडे शिवायच्या, आता दोघंही दिवसाआड डायलिसिसच्या मशीनला जोडून बसतात आणि तिथेही भांडतात. चढावर ऑइलचा लाल दिवा लुकलुकला, आणि मग इंजिनातून आवाज यायला लागला. दोघांना टॅक्सीत बसवून दिलं आणि डिपस्टिकची पट्टी काढून पाहिली, तर ऑइल टोकाला लागलंय न लागलंय.

काकांना बोलावलं. त्यांनी पट्टी ओढली, चिमटीत धरली आणि ऑइल भरलंय म्हणाले. दिव्याची वायर सैल असेल म्हणे. ते गेल्यावर मी पुन्हा पाहिलं, तर तसंच कोरडं. आता पट्टीचं खरं मानू की काकांचं? जीव मुठीत धरून गाडी हळूहळू घरी आणली, ती दारातच उभी आहे. इंजिनाचं काही वाईट झालं असेल का? लवकर लिहा. माझ्यावर आहे ती माया तशीच राहू द्या, गाडीचं काहीही निघालं तरी.

तुमची,
खारू


९ मार्च

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा राग आला. वस्तादने इंजिनात ऑइल घातलं नाही असं तू लिहितेस, म्हणजे उद्या आचाऱ्याने चूल पेटवली नाही म्हणशील. त्या माणसाने आयुष्यात एक नट सैल सोडलेला मी पाहिलेला नाही. तूच पट्टी चुकीची वाचली असशील. गाडी सपाट जागी उभी करायची, इंजिन थंड होऊ द्यायचं, पट्टी फडक्याने पुसायची, पुन्हा पूर्ण आत घालायची आणि मग बाहेर काढून बघायची. तू लहानपणापासून घाईची आहेस.

आता आवाजाचं. आवाज आला एवढं लिहून मला काय कळणार? वरच्या बाजूने टिकटिक येत असेल तर घाबरू नकोस. खालून ठकठक येत असेल तर गाडीला हात लावू नकोस. वेग वाढवताना खुळखुळल्यासारखं होत असेल तर ते तिसरंच दुखणं. लांब स्क्रूड्रायव्हर घे, टोक इंजिनाला लाव, मूठ कानाशी धर आणि ऐक. मी तिथे असतो तरी हे मला जमलं नसतं, म्हणून तुझ्या कानांवर सोपवतोय. नीट ऐकून नीट लिही.

दिव्याची वायर असेल. वस्ताद म्हणतो तर असेलच. पण कळेपर्यंत त्या दोघा आजाऱ्यांना गाडीत बसवू नकोस. आशीर्वाद आहेतच, थोडी अक्कलही सोबत पाठवतोय.

तुझे,
बाबा

ता. क. वन्सं, तुमचं पत्र आल्यापासून मामंजी घरातल्या फ्रिजला स्क्रूड्रायव्हर लावून बसतात. काही ऐकू येत नाही म्हणून चिडतात, आणि फ्रिज बिघडलाय म्हणतात. जेवण अर्ध्यावर आलंय. गाडीचं काय ते एकदा लावून टाका. – वहिनी


१५ मार्च

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितलंत तसं सगळं केलं. स्क्रूड्रायव्हर कानाला लावून वाकले तर टिकटिक ऐकू आली, मग ठकठक, मग खुळखुळसुद्धा. जे नाव मनात धरावं तोच आवाज येतो. शेवटी तर माझंच काळीज वाजतंय की काय असं वाटायला लागलं. शेजारच्या गाडीवाल्याने इंजिन गेलं म्हणून सांगितलं, पेट्रोलपंपावरचा म्हणाला काही झालेलं नाही, आणि घड्याळजींचं म्हणणं, आवाज पूर्वीपासूनच होता, मीच बोलत असते म्हणून मला ऐकू येत नव्हता. सध्या दोघांना बेकरीवाल्याच्या टेम्पोतून नेते. शिवणबाई पावांच्या ट्रेंच्या गर्दीत बसून जातात आणि इस्पितळभर ताज्या पावाचा वास घेऊन फिरतात.

आता खरं लिहायचं ते लिहिते. काल काका पुन्हा आले. मी पट्टी आधीच काढून फडक्याने स्वच्छ पुसली होती, घासूनपुसून चकचकीत, आणि तशीच त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती डोळ्यांसमोर नेलीच नाही. तोंड थोडं बाजूला वळवलं, पट्टीवरून अंगठा आणि बोट खालपर्यंत ओढलं आणि म्हणाले, "भरलंय."

बाबा, त्यांची बोटं कायम ऑइलने माखलेली असतात. ती कुठल्याही पट्टीला लावली तर पट्टी ओलीच लागणार.

त्यांना चहा दिला. कप मी टेबलावर ठेवला तिथून वीतभर अलीकडे त्यांचा हात गेला, मग चाचपत कपापाशी पोचला. हे मी आधी किती वेळा पाहिलं असेल, आणि दिसलं नाही. ते अजून गाड्यांचे ब्रेक करतात, बाबा. त्या गाड्यांत माणसं बसतात. कुणाला सांगू? सांगितलं तर गॅरेज बंद पडेल, नाही सांगितलं तर उद्या काय होईल? आणि मी ओळखलंय ते बरोबर आहे का, हेही मला नक्की वाटत नाही. तुमच्या मित्राबद्दल असं लिहिलं म्हणून रागवा, पण उत्तर पाठवा.

तुमची गोंधळलेली,
खारू


१९ मार्च

चि. खारूस,
आशीर्वाद.

तू ओळखलंस ते चुकीचं असावं असं मला फार वाटतं. पण गेल्या वेळी त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा त्याने मला दारातून ओळखलं नाही, मी बोलल्यावर ओळखलं. तेव्हा वाटलं, चेष्टा करतोय.

माझे कान गेले तेव्हा गाडीची किल्ली माझ्या हातून त्यानेच काढून घेतली होती. मागचा हॉर्न ऐकू येत नाही त्याने माणसं न्यायची नाहीत म्हणाला. मी बरेच दिवस त्याच्याशी बोललो नव्हतो. आता त्याच्या हातून पाना कोण काढून घेणार? तू नको, तू पोरगी आहेस, त्याला सहन होणार नाही. मी येतो. दादा गाडीत बसवून देईल. तोवर त्याला काही बोलू नकोस, आणि व्हॅन दुसऱ्या कुणालाही उघडू देऊ नकोस.

बाकी समक्ष भेटीत.

बाबा


२७ मार्च

सौ. वहिनीस,
स. न. वि. वि.

बाबा सुखरूप पोचल्याचं फोनवर सांगितलंच. पुढचं सांगायला लागले तर दोनदा रडू आलं, म्हणून हे पत्र. दादालाही दे वाचायला.

बाबांनी ठरवलं होतं की वस्तादकाकांना एकट्याला गाठायचं आणि अगदी हळू आवाजात, कुणाला कळणार नाही असं बोलायचं. वहिनी, तुला माहीतच आहे बाबांचा हळू आवाज. गॅरेजमध्ये स्टुलावर काकांच्या शेजारी बसले, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुला दिसत नाही." समोरच्या दुकानातला माणूस बाहेर आला. वरच्या गॅलरीतल्या बाईने कपडे वाळत घालायचं थांबवलं. बाबांना वाटत होतं, आपण कुजबुजतोय.

काकांनी मान खाली घातली आणि काहीतरी म्हणाले. ते खरोखरच हळू होतं. बाबांना ऐकू आलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. लिहून दाखवावं तर हाताशी कागद नव्हता, आणि काकांचं वाक्य अर्धवट सांगणं मला जमेना. मग मी बाबांच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडून सांगितलं, "तुझे कान गेले तर तू लेकाकडे गेलास. मी कुठे जाऊ?"

मला वाटलं, हे मीच विचारतेय. सगळी गल्ली ऐकत होती.

बाबा उठले आणि शटर ओढायला लागले. एका बाजूने अडकतं ते, म्हणून काकाही उठले आणि दुसरी बाजू धरली. तीन गाड्या कामाला आल्या होत्या, त्या मी आणि बाबांनी मालकांकडे पोचवल्या आणि ब्रेक दुसरीकडे तपासून घ्यायला सांगितलं. एकाने कारण विचारलं. बाबांनी ऐकू आलं नसल्याचं सोंग केलं. ते त्यांना छान जमतं.

आमच्या व्हॅनसाठी आणलेला ऑइलचा डबा काकांच्या गॅरेजात कपाटामागे सापडला, जवळजवळ तसाच. मग व्हॅन टो करून मोठ्या गॅरेजला नेली. त्यांनी इंजिनाचं चेंबर खाली उतरवलं. बेअरिंगवर ओरखडे होते. ते या वेळचे की जुने, हे त्यांनाही सांगता आलं नाही. एक म्हणाला नवे, दुसरा म्हणाला गाडीचं वय बघा. बेअरिंग बदलून दिल्या. आता गाडी चालते, दिवा लागत नाही. आवाज येतो की मला भास होतो, ते मात्र कळत नाही. शिवणबाईंना पावांची सवय झाली होती, त्या जरा नाराज आहेत.

काकांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, त्याचं ऑपरेशन होईल. दुसऱ्याची खात्री डॉक्टर देत नाहीत. बाबा त्यांच्याकडेच राहायला गेलेत. विचारलं तर म्हणतात, थोडे दिवस. किती थोडे ते सांगत नाहीत. तुम्ही दोघं रागावू नका, आणि माझी आठवण ठेवा.

तुमची,
खारू


१८ एप्रिल

सौ. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

माझी प्रकृती चांगली. इथे स्वयंपाक मी करतो, वस्ताद मला खारट आहे सांगतो, मला ऐकू येत नाही, त्यामुळे जेवण शांततेत होतं. गॅरेज अर्धं भाड्याने दिलं. नवा माणूस ब्रेक, इंजिन बघतो. वस्ताद दारात बसून आवाजावरून गाडीचं दुखणं सांगतो, तेवढं त्याला अजून येतं. तो सांगतो ते मी नुसती मान डोलावून ऐकतो. चूक की बरोबर मला काय कळणार, पण माणसं येतात.

एक काम तुझ्याकडे आहे. ऑपरेशननंतर डोळ्याची पट्टी काढली तेव्हा मी समोरच उभा होतो. वस्तादने डोळा बारीक केला, माझ्याकडे खूप वेळ पाहिलं आणि काहीतरी बोलला. नर्स हसली. खारू इतकी हसली की भिंतीला टेकली. मग तिने डोळे पुसले. मी विचारलं काय म्हणाला, तर सांगत नाही. वस्तादला विचारलं, तोही सांगत नाही, नुसता माझ्या पांढऱ्या केसांकडे बघतो. मी आरशासमोर जाऊन उभा राहून पाहिलं. मला तर नेहमीसारखाच दिसतो.

खारू तुझ्यापासून काही लपवत नाही. तिला विचार आणि मला कळव. मोठ्या अक्षरात लिहू नकोस, आता माझी पत्रं लांबून तोही वाचतो.

माझ्या लेकालाही आशीर्वाद. फ्रिज एकदा दाखवून घ्या.

तुमचे,
बाबा