मास्तरांच्या टेबलाखालची पूड

कोपरी, ठाणे
मंगळवार, १२ फेब्रुवारी १९५२, दिवेलागण

आज डोंबिवलीच्या शाळेत गेलो नसतो तर बरं झालं असतं.

कचेरीच्या लिलावातलं ते जुनं टेबल दुरुस्त करून दिवाळीनंतर मीच शाळेला दिलं होतं. त्याच्या एका पायाला कीड होती. मला दिसली होती, निदान इथे तरी खरं लिहू दे. पाय बदलायला हवा होता. मी मेणात भुसा कालवून भोकं बुजवली आणि वर झकास पॉलिश मारलं. हेडमास्तर लेले तेव्हा म्हणाले होते, "तुम्ही दिलंत ना, मग आम्ही काय तपासायचं?"

आज त्यांनी खुर्च्यांच्या दुरुस्तीसाठी बोलावलं होतं. बघतो तर टेबलाच्या त्याच पायाशी पिवळट पूड. कीड आत अजून जिवंत होती. मास्तर मात्र ओशाळून म्हणाले, "खडू हो! रोज पुसतो, तरी पडतोच. इतक्या सुंदर टेबलाची आमच्या हातून आबाळ होतेय."

माझी माफी मागत होते ते! माझी!

पिवळी पूड, आणि म्हणे खडू. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण मी काय केलं? खाली वाकलो, रुमालाने पूड टिपली आणि म्हणालो, "खडूच आहे, मास्तर."

घरी आल्यावर हिने धुवायला तो रुमाल घेतला, दारात झटकला आणि म्हणाली, "अहो, आज कुठलं किडकं लाकूड हाताळलंत?"