जसलीनचे सात आठवडे

॥ श्री ॥

मोहाली,
२१ ऑगस्ट २०२४

ती. बाबा यांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही मनानं जोडता, म्हणून हे पत्र. परवा मी हॉस्पिटलशी करार झाला म्हणाले, आणि तुम्ही आईंना जाऊन सांगितलंत की देवयानीला हॉस्पिटलात ठेवलंय. आईंचा फोन थेट लेकाला, शंतनूच्या एअर फोर्स स्टेशनवर. तो अजून हसतो आहे. मी ठणठणीत आहे.

खरी बातमी अशी, की आमची संशोधन संस्था आणि चंडीगडमधलं एक मोठं शिकवणारं हॉस्पिटल आता एकत्र काम करणार आहेत. त्यांचे डॉक्टर आमच्या प्रयोगशाळेत येतील, आम्ही त्यांच्या वॉर्डात जाऊ. माझ्या वाट्याला थॅलेसेमियाचा वॉर्ड आणि मंगळवार आलाय. मिरजेच्या मेडिकल कॉलेजात जन्मभर शिकवलेल्या माणसाला मी थॅलेसेमिया काय सांगणार. बाळ पोटात असताना त्याचं एक वेगळं हिमोग्लोबिन असतं, जन्मानंतर ते बंद होतं, आणि या रुग्णांत ते पुन्हा सुरू करता येईल का, हा माझा इतकी वर्षं उद्योग. पण अंगात धड रक्त बनत नाही म्हणून दर तीन आठवड्यांनी दुसऱ्याचं रक्त घेणारी माणसं मी काल पहिल्यांदा पाहिली.

तिथल्या प्रमुख डॉ. ग्रेवाल बाईंनी मला किती नळ्या रक्त हवंय असं विचारलं. मी सहा म्हटलं. त्या म्हणाल्या, मग आधी सहा जणांना भेटा.

त्यातली एक जसलीन, तेवीस वर्षांची, मनीमाजऱ्याला राहते. आडनाव लिहीत नाही. एका हाताला रक्त चालू आणि दुसऱ्या हातात बालवाडीच्या शिक्षिकेच्या परीक्षेचं पुस्तक. मी उंदरांवर काम करते म्हटल्यावर तिनं गंभीरपणे विचारलं, की दीदी, तुमच्या उंदरांना रक्त कोण देतं?

अक्षरा आजीशी बोलायचं म्हणून मराठीचा सराव करते आहे. वाक्य मराठीत सुरू होतं आणि हिंदीत संपतं.

आईंना नमस्कार. तुमची दोघांची माया आहे म्हणून इतक्या लांब करमतं.

तुमची,
देवयानी


मिरज,
२ सप्टेंबर २०२४

चि. सौ. देवयानी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

माझ्या कानांची चेष्टा पोचली. हिनं ती दोनदा वाचून घेतली आणि समोरच्या काकूंनाही सांगितली. पुढचा मजकूर मात्र मी तिला वाचून दाखवला नाही. रुग्णाची गोष्ट घरात आणायची नाही, ही जुनी सवय आहे. आडनाव गाळलंस ते छान केलंस.

असले करार मी बरेच पाहिले. फीत कापतात, जेवतात, फोटो काढतात, आणि मग दोन्हीकडचे लोक आपापल्या इमारतीत जाऊन बसतात. तुमचंही तसंच होईल असं मी म्हणणार होतो, पण ग्रेवाल बाईंनी तुला आधी सहा जणांना भेटायला लावलं हे वाचून गप्प बसलो. त्या बाई मला आवडल्या.

दोन गोष्टी सांगतो, म्हातारा शिकवतो म्हणून रागावू नकोस. रुग्णाशी बोलताना स्टूल ओढून बसत जा. उभ्यानं बोललेलं त्याला घाईचं वाटतं. आणि तुझा स्वभाव मायाळू आहे, समोरच्याला बरं वाटावं म्हणून तू चटकन बोलून जातेस. घरात त्याचं आम्हाला सुखच आहे. वॉर्डात जरा जपून.

हिनं थालीपिठाची भाजणी पाठवली आहे. शंतनूला पुरवून द्या, एका रविवारी संपवू नका.

इथे सगळं क्षेम. तुमचं वरचेवर कळत राहावं, एवढीच इच्छा.

तुझा,
बाबा


मोहाली,
१७ ऑक्टोबर २०२४

ती. बाबा यांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मी तीन वेळा फाडलं. आता सरळच लिहिते.

जसलीनच्या रक्तातल्या पेशी आम्ही काचेच्या बशीत वाढवल्या आणि त्यांत एक जुनं, सगळ्यांना माहीत असलेलं औषध घातलं. बाकी पाच जणांच्या पेशींत थोडासा फरक पडला. हिच्या पेशींत बाळाचं हिमोग्लोबिन असं वाढलं, की मी माझ्या विद्यार्थिनीला सगळं पुन्हा करायला लावलं. पुन्हा तेच आलं. त्या आनंदात मी मंगळवारी वॉर्डात गेले. जसलीननं विचारलं, माझ्या रक्ताचं काय झालं? ग्रेवाल बाई दुसऱ्या खोलीत होत्या. मी तुम्ही सांगितल्याप्रमाणे स्टूल ओढून बसले, आणि म्हणाले की फार चांगलं दिसतंय, कदाचित तुला पुढे इतक्या वेळा रक्त लागणार नाही.

बाबा, ती पुढच्या तारखेला आलीच नाही. मला वाटलं परीक्षा असेल. घरी तिनं सांगितलं की हॉस्पिटलनंच तारीख पुढे ढकलली आहे, आणि तिच्या आईनं विश्वास ठेवला. वॉर्डानं तिला फोनवर आठवड्यानंतरची तारीख दिली, तीही तिनं चुकवली. गेल्या आठवड्यात ती घराच्या जिन्यात कोसळली. आणली तेव्हा हिमोग्लोबिन चारच्याही खाली होतं आणि हृदयावर ताण आला होता. दोन दिवस अतिदक्षता विभागात काढून आता ती वॉर्डात आहे. धोका टळलाय.

ग्रेवाल बाईंनी मला खोलीत बोलावलं. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, की तुम्ही तिला नुसती रक्ताची नळी समजला नाहीत याचं मला बरं वाटत होतं, पण तुम्ही स्वतःला तिची डॉक्टर समजाल असं वाटलं नव्हतं. नमुने देणं त्यांनी थांबवलंय. आमच्या संचालकांनीही बोलावलं होतं. एकत्र काम पुढे चालेल की नाही, हे आता त्या बाईंच्या हातात आहे.

मंगळवार येऊन गेला, मी गेले नाही. शंतनू म्हणतो, जाऊन माफी माग. माझे पाय उचलत नाहीत. तिच्या आईला काय तोंड दाखवू? मी माझ्या पेशींतच बरी होते असं वाटतं.

आईंना यातलं काही सांगू नका. रागावलात तरी पत्र पाठवा, वाट पाहते.

तुमची,
देवयानी


मिरज,
२२ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. देवयानी हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळताच लिहायला बसलो आहे. हिनं विचारलं काय झालं, मी म्हटलं शाईचं पेन सापडत नव्हतं.

मी रागावलो नाही. घाबरलो मात्र, आधी त्या मुलीसाठी आणि मग तुझ्यासाठी. मुलगी वाचली. आता तुझं पाहू.

तू खोटं बोलली नाहीस. पण तुमच्या प्रयोगशाळेत एखादं वाक्य बोललीस, तर दहा जण ते उलटसुलट करून तपासतात, त्यात चूक असली तरी तिथेच राहते. वॉर्डात तेच वाक्य माणूस घरी घेऊन जातो आणि त्याच्या भरवशावर दिवस काढतो. जसलीननं तेच केलं. तिला मूर्ख म्हणू नकोस आणि स्वतःला राक्षस म्हणू नकोस. दोन्ही सोपं आहे आणि दोन्हींचा तिला उपयोग नाही.

येत्या मंगळवारी जा. एकटी जाऊ नकोस, ग्रेवाल बाईंची परवानगी घे आणि त्यांना बरोबर उभं राहायला सांग. त्या नाही म्हणाल्या तर पुन्हा विचार. फळं, मिठाई काही नेऊ नकोस. रडू तर अजिबात नकोस, नाहीतर त्या आजारी मुलीलाच तुझी समजूत घालावी लागेल. बशीत काय दिसलं, शरीरात काय होईल ते का माहीत नाही, आणि माहीत नसताना तू बोललीस, एवढंच सांग. मग ती जे बोलेल ते ऐकून घे. तिची आई काही बोलली तर तेही.

आणि पेशींत बरी होते असं पुन्हा लिहू नकोस. त्या पेशी कोणाच्या आहेत हे तुला आता कळलं आहे. ते विसरता येणार नाही, आणि विसरायचा प्रयत्नही करू नकोस.

जेवत जा. तू आमची आहेस, हे चुकलं तरी आणि जमलं तरी.

तुझा,
बाबा


मोहाली,
१८ नोव्हेंबर २०२४

ती. बाबा यांस,
शि. सा. न. वि. वि.

मी गेले. उशीर झाला, कारण ग्रेवाल बाई पहिल्यांदा नाहीच म्हणाल्या. तुमचं ऐकून पुन्हा विचारलं.

जसलीन भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिची आई संत्रं सोलत होती, ती सोलतच राहिली. ग्रेवाल बाई पलंगाच्या पायथ्याशी उभ्या होत्या. मी तुम्ही लिहिलंत तेवढंच बोलले. हिंदीत बोलताना ते आणखी उघडं वाटलं.

मग जसलीननं भिंतीकडे बघतच विचारलं, की म्हणजे ते खोटं होतं का. मी म्हटलं, खोटं नव्हतं, पण खरं आहे की नाही हे मला ठाऊक नाही. ती म्हणाली, की त्या दिवसांत तिला दम लागायचा, पाय जड व्हायचे, तरी बरी झालेली माणसं स्वतःला समजतात तसं ती स्वतःला समजत होती. लहानपणापासून असं कधी वाटलं नव्हतं. ते सांगताना तिचा आवाज रागाचा होता. मग ती वळली आणि म्हणाली, आता निम्म्यावर सोडू नका, खरं काय ते शोधा. तिच्या आईनं संत्र्याच्या दोन फोडी माझ्या हातात ठेवल्या. रडू नकोस असं तुम्ही आधीच लिहिलं होतं म्हणून बरं.

पुढच्या आठवड्यात ग्रेवाल बाई स्वतः मोहालीला आल्या. करारावर सही झाल्यापासून पहिल्यांदाच. त्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून इतका वेळ बसल्या, की चहा थंड होऊन त्यावर साय आली. मग त्यांनी असे प्रश्न विचारले, की माझ्या विद्यार्थिनीला थंडीत घाम फुटला. औषध किती घातलं, तेवढं माणसाच्या रक्तात पोचतं का, बाकी पेशींना काय होतं. निम्म्या प्रश्नांचा आम्ही कधी विचारच केला नव्हता. जाताना म्हणाल्या, की इतकी वर्षं मी हे औषध कोणाला लागू पडतं आणि कोणाला नाही हे अंदाजानं पाहते आहे; तुमच्या बशीतून तो अंदाज आधी बांधता आला तर मला हवा आहे.

जसलीनची तपासणी आता त्यांच्या हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत पुन्हा होईल. नमुने सुरू झाले. नियम एकच ठरला. रुग्णाला जे सांगायचं, ते दोन्हीकडच्यांनी आधी आपसांत बोलून, आणि सांगताना दोघींनी हजर राहून.

तुम्ही पाठीशी आहात म्हणून पाय उचलले. तसेच राहा.

तुमची,
देवयानी


मोहाली,
२६ ऑगस्ट २०२५

ती. बाबा यांस,
शि. सा. न. वि. वि.

मधल्या पत्रांत तुम्ही दर वेळी शेवटच्या ओळीत जसलीनचं काय असं विचारत होतात आणि मी अजून कळलं नाही असं लिहीत होते. आज लिहिण्यासारखं आहे.

जानेवारीच्या धुक्यात तिला तेच औषध सुरू झालं होतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. मार्चपर्यंत काहीच नाही. ग्रेवाल बाई शांत होत्या, माझी झोप उडाली होती. उन्हाळ्यात तिचं हिमोग्लोबिन जरा सावकाश उतरू लागलं. रक्ताच्या तारखा तीन आठवड्यांवरून चारवर गेल्या, मग पाचवर. आता सात आठवडे ती रक्ताशिवाय नीट राहते. याच औषधाचा दुसऱ्या दोघांना फायदा झाला नाही. त्यातल्या एकाचं आमच्या बशीनं बरोबर सांगितलं होतं, दुसऱ्याचं चुकीचं. दोन्ही आम्ही लिहून ठेवलंय.

आज सकाळी जसलीनला हे सांगायचं होतं. आम्ही दोघी तिच्यापाशी गेलो आणि ग्रेवाल बाई मला म्हणाल्या, तुम्ही सांगा. मी स्टूल घेतलं आणि सांगितलं, की सात आठवडे. ते टिकतील का, माहीत नाही. वाढतील का, माहीत नाही. रक्त पूर्ण थांबेल असं आज तरी वाटत नाही, आणि तारीख चुकवायची नाही.

मला भीती होती की तिचा चेहरा पडेल. तिनं फोन काढला आणि तारखा पाहायला लागली. नोव्हेंबरात पटियाल्याला तिच्या चुलतबहिणीचं लग्न आहे. आजवर प्रत्येक लग्नातून ती मध्येच उठून रक्तासाठी आली, नाहीतर दमून एका खोलीत झोपून राहिली. या वेळी मेंदीपासून पाठवणीपर्यंत राहता येईल. तिनं ग्रेवाल बाईंना विचारलं, नाचू का? बाई अगदी कडक चेहऱ्यानं म्हणाल्या, की भांगड्यावर अजून कोणी संशोधन केलेलं नाही, तू करून ये आणि आम्हाला कळव. तिची आई हसली. मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं.

बाहेर आल्यावर ग्रेवाल बाई म्हणाल्या, पुढच्या मंगळवारी नवे चार जण येतायत, लवकर या.

आता आईंना सांगायला हरकत नाही. मी जसलीनला विचारलं, माझ्या सासूबाईंना तुझी गोष्ट कळली तर चालेल का. ती म्हणाली, सगळ्या महाराष्ट्राला सांगा.

तुम्हा दोघांना भेटायची फार इच्छा आहे. तोवर पत्रातून माया करत राहा.

तुमची,
देवयानी


मिरज,
४ सप्टेंबर २०२५

चि. सौ. देवयानी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि उठून व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. ही मागोमाग आली. मी म्हटलं, जसलीन लग्नाला जाणार. तिनं विचारलं, कोण जसलीन? मग पहिल्यापासून सगळं सांगत बसलो. आमटी दोनदा गरम करावी लागली. जिन्याचा भाग सांगताना तिनं माझा हात धरला. इतके दिवस एकट्यानं पोटात ठेवलंत, असं म्हणून नंतर रागावली.

तुमच्या बशीचं एक चुकलं तेही लिहून ठेवलंत, हे वाचून मला तुझा फार अभिमान वाटला. सात आठवड्यांपेक्षाही, असं लिहिणार होतो. पण ते खरं नाही. सात आठवड्यांचाच जास्त आनंद झाला.

आता एक अडचण. ही म्हणाली, मुलगी पहिल्यांदा पूर्ण लग्नाला राहणार आणि आपण नुसती पत्रं लिहायची? तिला इरकली खणाचं कापड पाठवायचं आहे. पंजाबी मुलगी खणाचं काय करेल असं मी विचारलं, तर म्हणाली, सुरेख कुर्ता शिवेल, तुम्ही फक्त ती दिसते कशी ते सांगा, म्हणजे रंग निवडते. गोरी आहे की सावळी, उंच आहे की बुटकी?

मी सगळी पत्रं काढून पाहिली. वर्षभर आपण दोघांनी त्या मुलीच्या रक्तावर पानंच्या पानं भरली. ती दिसते कशी, हे तू कुठे लिहिलेलं नाहीस आणि मलाही एकदाही विचारावंसं वाटलं नाही.

तेव्हा येत्या मंगळवारी तिला नीट बघ आणि कळव. दुकानात हिरवा, जांभळा आणि डाळिंबी असे तीन रंग आहेत. ही त्यानंतरच्या सोमवारी पुन्हा जाणार आहे, तोवर दुकानदारानं तिन्ही बाजूला काढून ठेवले आहेत.

तुम्हा तिघांवरचं आमचं प्रेम तुम्ही जाणताच.

तुझा,
बाबा