तुझी हरकत

आई, स्वयंपाकघराची खिडकी मी अजून बंदच ठेवतो. वासाचं काही नाही, त्याची सवय झाली. पण तू बंद केलीस ती उघडायचा मला धीर होत नाही.

घणसोली गावाच्या पलीकडे आपल्याला हे घर मिळून तेव्हा दोनच वर्षं झाली होती. वडिलांनी आयुष्यभर मार्केटात गोण्या वाहून मिळवलेलं घर, आणि त्यात ते स्वतः सहा महिनेच राहिले. समोरच्या रिकाम्या प्लॉटवर एक दिवस पाटी लागली. तू मला खाली नेऊन ती वाचायला लावलीस. पेट्रोल पंप. "किती लांब म्हनायचा आपल्या घरापास्नं?" असं विचारून, उत्तराची वाट न बघता तू पावलं टाकत मोजलंस. एकवीस. बालवाडी तर त्याहून जवळ.

मग रोज दुपारी भांडी आवरली की शेजारच्या कोकणातल्या वहिनींना घेऊन पंपाविरुद्धच्या सह्यांसाठी तू एकेक बिल्डिंग चढायचीस. तुला स्वतःला सहीपुरतंच लिहिता यायचं, पण सोसायटीचे सेक्रेटरी म्हणायचे, "मीटिंगा आम्ही घेतो, सह्या या आणतात." खोदायला मशीन आलं त्या सकाळी तू बायकांसह प्लॉटवर सतरंजी टाकून बसलीस. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला तर म्हणालीस, "वाजव, वाजव. आमी काय आज उठत न्हाई." मशीन परत गेलं. वडील गेल्यावर तुला इतकं हसताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

मी मात्र बेकार. ठाणे-बेलापूर पट्ट्यातली माझी कंपनी बंद पडून वर्ष होत आलेलं. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून निघायचं, चार गेटांवर नकार ऐकायचा आणि तुझ्यासमोर जेवायला बसायचं.

सरकारी अधिकारी रहिवाशांचं म्हणणं ऐकायला येणार होते, त्याच्या आदल्या दिवशी तू मेथी निवडत बसली होतीस. मी म्हणालो, "पंपाच्या मालकाने बोलावलं होतं. सुपरवायझर म्हणून घेतो म्हणतात. कायमचं."

"आन बदल्यात?"

"उद्या तू विरोध करायचा नाही."

तू मेथी निवडतच राहिलीस. जुडी संपल्यावर विचारलंस, "दुसरं कुटंच लागत न्हाई?" मी नाही म्हणून मान हलवली. "बरं," म्हणालीस.

दुसऱ्या दिवशी मंडपात तुला सगळ्यांत पुढे बसवलं होतं. सेक्रेटरींनी बोलायला सांगितलं. तू उठलीस, पदर खांद्यावरून घेतलास आणि म्हणालीस, "माजी काय हरकत न्हाई."

वहिनींना खरंच वाटेना. "अहो, काय बोलताय हे? काल माझ्याबरोबर जिने चढत होतात ना तुम्ही?"

तू खाली बसलीस. मागून कुणीतरी म्हणालं, "पोराची सोय झाली वाटतं." मग एकेकाने माघार घेतली. मी शेवटच्या रांगेत होतो. गर्दीतून पुढे यायला वाट नव्हती, असं मी अजूनही स्वतःला सांगतो.

पंप झाला. त्याच्या बाजूची स्वयंपाकघराची खिडकी तू बंद केलीस. निळा शर्ट घालून मी एकवीस पावलांवर कामाला जायला लागलो. टँकर रिकामा होत असताना बालवाडीतल्या मुलांचं गाणं ऐकू आलं की मी तिकडे पाठ करायचो. आग कधी लागली नाही, पण दुपारी बसायला तुझ्याकडे कुणी येईना. वहिनी जिन्यात भेटल्या तर भिंतीकडे सरकायच्या. गावी साताऱ्याला जाऊन राहा म्हटलं तर म्हणायचीस, "तुज्या डब्याचं कोन बगल?" नोकरी सोडतो म्हटलं तर एवढंच विचारायचीस, "मंग मी ते कशापायी बोलले?" त्या एका प्रश्नाने मी पंपावर अडकलो आणि तू या दोन खोल्यांत. पुढे माझं लग्न झालं, मुलं झाली. तरी त्या प्रश्नाला उत्तर सापडलं नाही, म्हणून मी अजून तिथेच आहे.

शेवटच्या आजारपणात एका दुपारी तू म्हणालीस, "त्या मालकानं माज्या गरीब लेकराला बरोबर गाठलं." मी तुझे पाय दाबत होतो. "हो," म्हणालो.

हा कागद कुठेच जाणार नाही, म्हणून लिहितो. त्याने मला बोलावलं नव्हतं, आई. मीच त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेलो होतो. म्हणालो होतो, बायकांना जमवते ती माझी आई आहे. तिला मी गप्प करतो, तुम्ही माझं काहीतरी बघा.